जळक्या ऑइलवर गरम होणारं गॅरेज : एका हिवाळ्याच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा

सकाळी लेथ, ड्रिलिंग मशीन, पाने आणि हातोड्यांची पूजा केली. झेंडू घरचाच. आपट्याऐवजी अंगणातल्या मेपलची लाल-पिवळी पानं. लेकीला तर तेच खरं सोनं वाटतं. हळद-कुंकू लावताना लेथच्या बेडवरून हात फिरवला आणि बोटं तांबडी झाली. गंज.

हे गेल्या हिवाळ्याचं देणं. आमचं घर मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या पश्चिमेला तासाभरावर. घरापासून सुटं उभं असलेलं गॅरेज हीच माझी कार्यशाळा. दोन हिवाळे तिथे धुराडं नसलेला प्रोपेनचा हीटर चालवला. एक किलो प्रोपेन जळलं की साधारण एक किलो सहाशे ग्रॅम पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. ती वाफ बाहेर जायला वाट नाही, मग ती खोलीतली सगळ्यात गार वस्तू शोधते. माझ्याकडे सगळ्यात गार म्हणजे बिडाचा लेथ.

मागच्या भिंतीशी जुन्या ऑइलचे डबे साठले आहेत. दोन गाड्या, एक जुना पिकअप, गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर, सगळ्यांचं ऑइल मी घरीच बदलतो. मोजलं तर १४० लिटर. यंदा हेच जाळायचं. धूर धुराड्यातून बाहेर, ऊब तेवढी आत.

ही म्हणाली, "सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात ते काळं ऑइल ना? ते जळतं?" जळतं, आणि भरपूर जळतं.

२० ऑक्टोबर

कागदावरचा हिशेब. गॅरेज ७ मीटर बाय ६, उंची पावणेतीन. भिंतींत फायबरग्लास आहे, पण छताला काहीच नाही आणि गाडीचं मोठं दार म्हणजे नुसता पत्रा. बाहेर उणे १२, आत १८ धरलं तर साडेपाच किलोवॅटच्या आसपास उष्णता निसटते. एक लिटर ऑइलमध्ये साधारण दहा किलोवॅट-तास. निम्मी-पाऊण हाती लागली तरी ताशी एक लिटर पुरे.

मग छताचा आकडा एकट्याचा काढून पाहिला. निम्मी गळती तिथूनच. म्हणजे बर्नरच्या आधी छत. हे कळल्यावर जरा हिरमुसलो, कारण छतात फायबरग्लास भरण्यात काहीच गंमत नाही.

नियमही पाहिले. इथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेचं म्हणणं असं: हीटरमध्ये स्वतःचं किंवा घरी ऑइल बदलणाऱ्यांकडून आलेलंच ऑइल जाळायचं, हीटरची क्षमता ताशी ५ लाख बीटीयूच्या, म्हणजे साधारण १४६ किलोवॅटच्या वर नको, आणि धूर बाहेर सोडलेला हवा. माझा हीटर त्या मर्यादेच्या दहाव्या हिश्शाचाही होणार नाही. एक गोष्ट मात्र मी स्वतःसाठी लाल पेनाने लिहून डब्यांवर चिकटवली: ब्रेक क्लीनर, थिनर, पेट्रोल यांचा थेंबही इथे नको. क्लोरीन असलेलं क्लीनर जळलं की आम्ल आणि विषारी वायू तयार होतात, आणि पेट्रोल काय करतं ते सांगायला नको.

२७ ऑक्टोबर

भंगारातून १०० पौंडी प्रोपेनचं रिकामं सिलिंडर आणलं. व्यास साधारण ३७ सेंटिमीटर, उंची १२०. व्हॉल्व्ह काढून अंगणात उलटं ठेवलं, दोन दिवसांनी काठोकाठ पाणी भरलं आणि मगच ग्राइंडर लावला. पाणी भरायचा कंटाळा करणारे लोक असतात. त्यांच्या गोष्टी दुसरे लोक सांगतात.

तळाशी ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, तो जळणाचा वाडगा. वरून हवेचा पाइप, त्याला भोकं. उंचावरच्या डब्यातून तांब्याच्या नळीने ऑइल थेंब थेंब वाडग्यात. जगभर लोक करतात तोच प्रकार. गॅल्व्हनाइज्ड पाइप कुठेही वापरला नाही, तापला की जस्ताचा धूर सुटतो. सगळ्या चाचण्या अंगणात, गॅरेजपासून दहा पावलं दूर. हे माझं शहाणपण नाही, ही अट हिने घातली.

२ नोव्हेंबर, पाडवा

काम नाही. दिवसभर पाहुणे. संध्याकाळी छतात फायबरग्लासचे तीन पट्टे भरले, अभ्यंगस्नान वाया गेलं.

१० नोव्हेंबर

पहिला जाळ. रॉकेलची चिंधी टाकून पेटवलं. दहा मिनिटांत इतका काळा धूर की शेजारचे आजोबा कुंपणापाशी येऊन उभे राहिले. निवृत्त ट्रकचालक आहेत. काही बोलले नाहीत, फक्त घड्याळ पाहिलं.

हवेचा पंखा वाढवला तर ज्योत उडायला लागली, कमी केला तर काजळी. तासभर हेच. शेवटी मामांना व्हिडिओ कॉल केला. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचं लेथचं दुकान आहे, आणि गावाकडे त्यांच्या घरचं गुऱ्हाळ होतं. तिकडे रात्रीचे साडेनऊ.

"मामा, ऑइल जास्त पडतंय का बघा बरं."

मामांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "आरं, आइल न्हाई जास्त. ह्या नळकांड्याची उंची किती?"

"दीड मीटर."

"मग कसं वडंल ते? गुऱ्हाळाचं धुराडं इसरलास व्हय? चुलवाण खड्ड्यात, धुराडं आभाळात. आरं, ओढ पायजे ओढ! पंख्यानं ढकलून जाळ हुतो व्हय रं कुठं?"

त्यांचं बरोबर होतं. एक लिटर ऑइल जळायला किमान दहा घनमीटर हवा लागते, म्हणजे छोट्या न्हाणीघरातली सगळी. काजळी नको असेल तर पंधरा धरायची. ती हवा आत यायची तर आधी वरून धूर जायला हवा. पाइप चार मीटर केला, तारा बांधून ताणला. दहा मिनिटांत धूर विरळ, मग दिसेनासा. धुराड्यातून फक्त हवा थरथरताना दिसत होती. आजोबांनी अंगठा दाखवला आणि आत गेले. संध्याकाळी स्वतःचे वीस लिटर जुनं ऑइल आणून ठेवलं.

१७ नोव्हेंबर

आजची नोंद नीट लिहितो.

सकाळी बाहेर दोन अंश. ऑइल काकवीसारखं. नीडल व्हॉल्व्ह, म्हणजे थेंब कमी-जास्त करायची बारीक तोटी, उघडून सेकंदाला दोन थेंब लावले, पेटवलं, उत्तम जळायला लागलं. ऑइलचा डबा शेगडीपासून हातभर अंतरावर, आणि इथेच चूक. शेगडी तापली तसा डबा तापला, डबा तापला तसं ऑइल पातळ झालं, पातळ झालं तसं जास्त पडायला लागलं, म्हणून शेगडी आणखी तापली. व्हॉल्व्हला मी हातही लावला नव्हता. अंधार पडता पडता सिलिंडरचा खालचा भाग मंद लाल दिसायला लागला. लोखंड ५०० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय अंधारातही तसं दिसत नाही. व्हॉल्व्ह बंद केला. वाडग्यातलं ऑइल संपायला पुढची सात मिनिटं लागली. सात मिनिटं फार असतात.

हे एवढ्यावरच थांबलं नाही. निवल्यावर कमी थेंबांवर परत पेटवलं. वाऱ्याचा झोत आला आणि ज्योत विझली. मी आत टॉर्च आणायला गेलो होतो. परत आलो तर धुराड्यातून पांढरा, दाट, जड धूर. काळा धूर म्हणजे अर्धवट जळणं. पांढरा म्हणजे न जळलेल्या ऑइलची वाफ: वाडगा तापलेला, ज्योत नाही, आणि थेंब पडतच आहेत. अशा वेळी पेटती काडी टाकली तर सगळं एकदम पेट घेतं आणि झाकण उडतं. लेकीला घरात पाठवलं, व्हॉल्व्ह बंद केला, चाळीस मिनिटं अंगणात नुसता उभा राहिलो.

उभ्या उभ्या एवढं कळलं की महिनाभर मी चुकीचं कोडं सोडवत होतो. ऑइल पेटवायचं कसं हा प्रश्नच नाही, ते पेटतं. ज्योत नसेल तेव्हा ऑइल थांबवायचं कसं, हे काम आहे. उंचावरच्या डब्याला ते जमत नाही. गुरुत्वाकर्षणाला स्विच नसतो.

२४ नोव्हेंबर

थेंबांची शेगडी रद्द. सिलिंडर राहील, आतलं सगळं बदलणार.

नवा बेत बॅबिंग्टन बर्नरचा. रॉबर्ट बॅबिंग्टन या अमेरिकी संशोधकाला या कल्पनेचं पेटंट १९६९ साली मिळालं. नेहमीच्या ऑइल बर्नरमध्ये ऑइल दाबाने नॉझलच्या बारीक भोकातून जातं, आणि जळक्या ऑइलमधला कचरा ते भोक दोन दिवसांत बुजवतो. बॅबिंग्टनने उलटं केलं. पोकळ गोळा घ्यायचा, ऑइल त्याच्या बाहेरून ओघळू द्यायचं, पातळ पापुद्र्यासारखं. गोळ्याच्या आत दाबाची हवा, आणि गोळ्याला केसाएवढं एक भोक. हवा भोकातून सुटते आणि वरचा पापुद्रा फाडून धुकं करते. भोकातून फक्त हवा जाते, त्यामुळे बुजायचा प्रश्न नाही. हेच तत्त्व दवाखान्यातल्या नेब्युलायझरमध्येही वापरलं गेलं आहे.

मला मात्र यातली दुसरीच गोष्ट भावली. ओघळलेलं बाकीचं ऑइल खालच्या टाकीत जातं, पंप ते परत वर आणतो. टाकी सगळ्यात खाली. वीज गेली की पंप थांबतो, आणि ऑइल आपोआप खाली राहतं.

७ डिसेंबर

गोळा म्हणजे ड्रॉवरची पितळी मूठ, जुन्या सामानाच्या दुकानातून, आतून पोकळ. भोक ०.२५ मिलिमीटर. सर्किट बोर्डांना भोकं पाडायची कार्बाइडची ड्रिल मागवली होती, दहाचं पाकीट. सात मोडली. आठवीने भोक पडलं पण मध्यापासून सरकलं. नववीने, लेथमध्ये मूठ धरून, श्वास रोखून, पडलं. दहावी देव्हाऱ्यात ठेवावी असं वाटतंय.

पंप जुन्या गाडीच्या इंजिनातला गिअर ऑइल पंप, वर छोटी मोटर. हवा एका जुन्या, गुरगुरणाऱ्या कॉम्प्रेसरची, दाब १५ ते २० पीएसआय.

१४ डिसेंबर

ऑइल गार असताना पापुद्रा जाड राहतो आणि धुक्याऐवजी पिचकारी उडते. अंगावरचं जॅकेट गेलं. टाकीत हीटरची कांडी टाकून ऑइल ७० अंशांवर नेलं आणि हवा सोडली. भोकातून एक पांढरा, निमुळता, शांत फवारा निघाला. गॅसची पेटती टॉर्च दाखवली तर घुर्र आवाज करत पिवळीधमक ज्योत, टोकाला जवळजवळ पांढरी. धूर नाही, वास नाही.

मामांना व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं: "आता झालं मशीन. पयलं ती चूल हुती."

ताशी खप १.१ लिटर. याहून कमी केलं तर ज्योत फडफडते. म्हणजे हळू आंच असा प्रकार नाही. थर्मोस्टॅटवर चालू-बंद करूनच चालवावं लागणार, आणि दर वेळी आपोआप पेटायला हवं.

२१ डिसेंबर

ऑइलवर चालणाऱ्या एका जुन्या घरगुती भट्टीतून तीन गोष्टी काढल्या: ठिणगीचा ट्रान्सफॉर्मर, कंट्रोल बॉक्स आणि डोळा. डोळा म्हणजे कॅडमियम सल्फाइडची छोटी टिकली. तिच्यावर उजेड पडला की विजेला होणारा तिचा रोध उतरतो. ज्योत दिसली तर बॉक्स पंप चालू ठेवतो. ४५ सेकंदांत दिसली नाही तर सगळं बंद करतो आणि माणसाने येऊन बटण दाबेपर्यंत बंदच ठेवतो, यालाच लॉकआउट म्हणतात. ते बटण लाल आहे आणि मुद्दाम अवघड जागी लावलं आहे. कारण पुन्हा पुन्हा दाबायचा मोह होतो, आणि दर दाबण्याला भट्टीत ऑइलचं आणखी धुकं साठतं. नियम: एकदा दाबायचं. नाही पेटलं तर अर्धा तास चहा.

बारा वेळा ज्योत मुद्दाम विझवली. बारा वेळा बंद पडलं. आज झोप चांगली लागेल.

२९ डिसेंबर

विमा एजंटला फोन केला. लपवून ठेवायचं नाही हे आधीच ठरलं होतं. त्यांनी एकच विचारलं, "यूएलचा शिक्का आहे?" यूएल म्हणजे उपकरणांची सुरक्षितता तपासणारी संस्था. घरी केलेल्या वस्तूला तिचा शिक्का कुठून असणार? उत्तर सरळ आलं: या हीटरमुळे गॅरेजला आग लागली तर एक पैसा मिळणार नाही. घराचा विमा वेगळा राहील. गॅरेज सुटं आहे म्हणून निदान एवढं तरी.

राग आला, पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

मग बेत पुन्हा बदलला. गॅरेजच्या मागे आधीच्या मालकाची लाकडं ठेवायची पडवी आहे, खाली काँक्रीट. भट्टी तिथे. भिंतीला सिमेंट बोर्ड, त्यावर मध्ये हवेची फट सोडून पत्रा. सिलिंडरभोवती पत्र्याचं दुसरं आवरण. मधल्या पोकळीतून गॅरेजची हवा पंख्याने फिरवायची आणि गरम होऊन परत आत. आग पडवीत, ऊब गॅरेजात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते, म्हणून गाड्यांच्या गॅरेजात पेटतं काहीही जमिनीपासून १८ इंच वर ठेवायचा दंडक आहे. ती काळजीही मिटली.

११ जानेवारी २०२५

बसवलं. दुपदरी, इन्सुलेटेड धुराडं नवं विकत घेतलं, सगळ्या प्रकल्पातला हा सगळ्यात मोठा खर्च, आणि त्यात काटकसर करायची माझी हिंमत झाली नाही. ऑइलच्या नळीवर वितळणाऱ्या दुव्याचा व्हॉल्व्ह: ७४ अंशांना दुवा वितळतो आणि स्प्रिंग नळी बंद करते. तो भट्टीच्या बाजूला, गरम टाकीपासून लांब. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म दोन, एक पडवीत, एक गॅरेजात. अग्निशामक दाराजवळ, भट्टीजवळ नाही.

धुराड्यात ४२० अंश. म्हणजे पैसे आभाळात. सिलिंडरच्या आत दोन आडव्या पट्ट्या जोडल्या, जाळाला वळसे घालायला लावले, २६० वर आलं. याहून फार खाली नको. ऑइलमध्ये गंधक असतं, धूर जास्त निवला तर धुराड्यातच आम्ल गळायला लागतं.

२१ जानेवारी

आठवडाभर कडाक्याची थंडी. पहाटे माझ्या थर्मामीटरवर उणे १९. सुट्टी टाकली, फक्त हे पाहायला.

सहा वाजता चालू केलं. लॉकआउट. लाल बटण एकदा. लॉकआउट. चहा. साडेसहाला पुन्हा तेच. टाकीतलं ऑइल ७० अंश होतं, फवारा छान दिसत होता, ठिणगी होती. ज्योत लागतही होती! पण ४५ सेकंदांनी बंद. डोळा काढून पाहिला तर काचेवर काजळीचा पातळ पडदा. डोळा आंधळा झाला होता आणि बॉक्सने त्याचं काम चोख केलं होतं. शर्टाच्या टोकाने पुसला, पेटलं.

सकाळी आत उणे ४ होतं. नऊ वाजता १६. आधी कोट काढला, मग टोपी. लेथच्या बेडवर हात ठेवला: कोरडा. गार होता, पण कोरडा.

८ फेब्रुवारी

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात बटाटेवडे होते. तळणाचं तेल वीस लिटर उरलं, कुणी न्यायचं विचारल्यावर माझा हात आपोआप वर गेला.

दोन दिवस निवळू दिलं, जाळीतून गाळलं. मग पाण्याची परीक्षा, ती मी आता प्रत्येक डब्याची करतो: तापल्या जुन्या तव्यावर चार थेंब. गप्प राहिलं तर ठीक. मोहरीसारखं तडतडलं तर आत पाणी आहे, आणखी आठवडाभर ठेवायचं आणि तळाचं पाणी सोडून द्यायचं. पाणी असलेलं ऑइल भट्टीत ठसका लागल्यासारखं थुंकतं आणि ज्योत विझवतं.

तळणाचं तेल थंडीत जास्त घट्ट, म्हणून निम्मं-निम्मं मिसळलं. छान जळलं, राखही कमी. फक्त एक अडचण: दिवसभर अंगणात वड्यांचा वास. शेजारचे आजोबा दोनदा विचारून गेले, आज काय आहे म्हणून. शेवटी हिला खरोखरच वडे करावे लागले.

१५ मार्च

भट्टी उघडून साफ केली. आत करडी, मऊ राख. ऑइलमध्ये घातलेलं कॅल्शियम आणि जस्त जळत नाही, ते मागे उरतं, शिवाय इंजिनाची झीज. मास्क घालून खरवडली, वजन केलं: १.१ किलो. लेकीने विचारलं, गुलाबांना घालू का? चुलीची राख वेगळी, ही वेगळी. झाकणाच्या डब्यात भरून काउंटीच्या घातक कचऱ्याच्या संकलनाच्या दिवसासाठी ठेवली.

मुठीचं भोक भिंगाखाली पाहिलं, जसंच्या तसं.

हिवाळ्यात एकूण १४८ लिटर जळलं, भट्टी चालली १३४ तास. तेवढ्यात साधारण तीनशे तास काम झालं, कारण छत भरल्यावर ती निम्मा वेळ बंदच असते. उष्णतेसाठी ऑइलचे पैसे शून्य, पण पंप, कांडी, पंखे आणि तो गुरगुरणारा कॉम्प्रेसर मिळून विजेचं बिल वाढलं. धुराडं धरून झालेला खर्च पाहून ही म्हणाली, एवढ्यात एक छोटा हीट पंप आला असता. आला असता. ते मला छत भरतानाच कळलं होतं, मी बोललो नव्हतो.

खरी अडचण पुढच्या वर्षीची आहे. साठा तीन-चार वर्षांचा होता, तो एका हिवाळ्यात संपत आला. आमच्या घरचं ऑइल वर्षाला पस्तीस लिटर, फार तर चाळीस. अंगणात बर्फ वितळतंय, ट्रॅक्टर बाहेर काढायचा आहे, त्याचं ऑइल बदलायला इंजिनाचे अजून वीस तास बाकी आहेत. मी तास मोजत उभा होतो तेवढ्यात कुंपणावरून आजोबांनी हाक मारली. पिकअप जॅकवर होता, आणि हातात रिकामा डबा: "फनेल आहे का तुझ्याकडे?"